प्रस्तावना : गावी शिकणारे आणि गावात शिकविणारे

वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार आणि दंतवैद्यक या शाखांचे जे विद्यार्थी दरवर्षी महाविद्यालयांच्या हुकुमाने खेड्यांत पाठविले जातात, त्यांच्या त्या वास्तव्यातून काय साधावे, ते कोणी साधून द्यावे आणि ज्या गावात ते घडते त्या गावाच्या पदरात त्याबद्दल काय पडावे, या तीन प्रश्नांचा विचार पुढील पृष्ठांत केलेला आहे. पहिल्या प्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. समित्यांचे अहवाल, परिषदांचे ठराव आणि अभ्यासक्रमांची परिशिष्टे त्याने भरलेली आहेत. तिसरा प्रश्न अलीकडे कोठे विचारला जाऊ लागला आहे. दुसरा मात्र सहसा कोणी विचारीतच नाही, आणि माझ्या मते या विषयाचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे. विद्यार्थ्यांना गावी पाठविण्याचा हुकूम निघतो, वाहनाची तजवीज होते, मुक्कामाची खोली झाडून ठेविली जाते, हजेरीचे दप्तर उघडले जाते. परंतु तेथे त्यांना शिकविणार कोण, त्या व्यक्तीला शिकविण्यासाठी सवड कोणी दिली आहे, आणि तिला शिक्षक म्हणून कोणी मानले आहे, याविषयी त्या हुकुमात एक अक्षरही नसते.

ही उपेक्षा आजची नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडतानाच, भावी डॉक्टराची दृष्टी रोग्यापुरती मर्यादित न राहता ज्या समाजात रोग उद्भवतो त्या समाजापर्यंत पोहोचावी आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण त्यास मिळावे, असे आग्रहाने सांगितले होते. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेच्या आश्रयाने आरोग्य केंद्रे उभी राहू लागली आणि महाविद्यालयांतून सामाजिक वैद्यकाचे स्वतंत्र विभागही निघाले. पुढे १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाची दिशा बदलण्याची निकड पुन्हा एकदा मांडली, आणि १९७७ साली त्या धोरणानुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे काही प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी सोपवून फिरत्या दवाखान्यांच्या गाड्याही पुरविण्यात आल्या. या योजना आखणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीत होते, ते असे की विद्या शहरात असते, ती गाडीत घालून गावी न्यावयाची असते, आणि गावाने पुरवावयाचे ते रोगी. तज्ज्ञ अध्यापक सकाळी गाडीतून येत, विद्यार्थी त्यांच्या भोवती उभे राहत, तपासण्या होत, औषधे वाटली जात, आणि सूर्य मावळण्यापूर्वी गाडी शहराकडे परत फिरे. आणि ज्या आरोग्य सेविकेला त्या गावातील प्रत्येक गरोदर बाईची तारीख मुखोद्गत होती, ती त्या सोहळ्यात खुर्च्या मांडण्यापुरती उपस्थित असे.

याच काळात विदर्भात मात्र एक निराळा प्रयोग चाललेला होता. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना केली, तेव्हा खेड्यात वसलेले आणि खेड्यासाठी चालविलेले वैद्यकीय महाविद्यालय असाच त्या संस्थेचा संकल्प होता. तेथे नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला मुक्काम शवविच्छेदनाच्या दालनात न होता आश्रमात होतो. प्रार्थना, सूतकताई आणि श्रमदान यांत काही दिवस काढल्यावर त्यांच्या शिक्षणास आरंभ होतो. परंतु या संस्थेची खरी देणगी मी आश्रमातील त्या दिवसांत पाहत नाही, त्यानंतरच्या शिरस्त्यात पाहतो. प्रत्येक वर्षाच्या तुकडीसाठी एक गाव ठरविले जाते; विद्यार्थी आणि अध्यापक त्या गावी शिबिरात राहतात; प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात, आणि शिबिर संपले तरी त्या कुटुंबांशी असलेला संबंध संपत नाही, कारण पुढील काही वर्षे विद्यार्थ्याला त्यांच्याच उंबरठ्यावर पुनःपुन्हा जावे लागते. पहिल्या भेटीत जो आजोबा दम्याने धापा टाकताना दिसला, तो दुसऱ्या वर्षी कसा आहे, आणि औषध बंद केले असेल तर ते का केले, हे त्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. इस्पितळातील शिक्षणात रोगी येतो, बरा होतो वा दगावतो, आणि दृष्टीआड होतो. येथे तो दृष्टीआड होण्याची सोयच नाही. सातत्य हा ग्रामीण प्रशिक्षणाचा प्राण आहे, आणि ते सेवाग्रामने कोणत्याही फर्मानाची वाट न पाहता अंगीकारले. त्या परिसरातील गावांनी सुगीच्या वेळी घरटी ज्वारी जमा करून आरोग्याची तरतूद करण्याची जी योजना चालविली, तीही अशाच दीर्घ परिचयातून निपजली. कारण एकदाच येऊन गेलेल्या पाहुण्याच्या शब्दावर कोणी आपल्या कणगीतील धान्य देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गावात शिकविण्यासारखे काय आहे, आणि ते कोण शिकवू शकते?

सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी प्रदेशात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा सरकारी निकष आहे. त्या उपकेंद्रातील आरोग्य सेविका, जिला गाव नर्सबाई म्हणते, लसीकरणाच्या दिवशी काय करते ते एखाद्या विद्यार्थ्याने पूर्ण एक दिवस तिच्या बाजूस बसून पाहिले, तर त्याला पुस्तकातील एका प्रकरणाचे प्राण कोठे असतात ते कळेल. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी, आणि बीसीजीची लस एकदा विरघळविली की चार तासांच्या आत वापरावी, हे वाक्य परीक्षेत लिहून त्याने गुण मिळविलेले असतात. परंतु त्या कुपीत दहा बाळांपुरती मात्रा असते, समोर एकच नवजात बाळ आहे, त्याची आई तीन कोस चालून आली आहे, आणि आणखी दोन बाळे वरच्या वाडीवर आहेत. अशा वेळी नर्सबाई कुपी फोडते, त्या मातेला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही, आणि त्याच क्षणी आशाताईला, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, वाडीवर पिटाळते, कारण चार तासांत ती दोन बाळे खाली आली तर त्याच कुपीतून त्यांनाही लस देता येईल. या एका निर्णयात शीतसाखळीचे शास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि माणुसकी ही सारी एकत्र नांदतात. तो निर्णय घेताना ती काही व्याख्यान देत नाही. आणि म्हणूनच, तिला बोलते करणारा कोणी नसेल तर, शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला तो निर्णय घेतला गेल्याचे कळतसुद्धा नाही.

लोहाच्या गोळ्यांचेही असेच आहे. रक्तक्षयाने फिकट झालेल्या गर्भवतीला गोळ्या दिल्या, आणि तिने त्या फडताळात ठेवून दिल्या, एवढे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत येते. 'अज्ञान' हे कारणही तो तत्परतेने लिहितो. परंतु गोळ्यांनी मळमळते, शौचाला काळे होते म्हणून सासू घाबरते, आणि पोटातील बाळ वाढून बाळंतपण अडेल अशी एक जुनी भीती त्या घरात आहे, हे त्याला आशाताई सांगते. आणि ती हेही सांगते की गोळी जेवणानंतर, रात्री निजण्यापूर्वी घेतली तर मळमळ सोसवते, आणि पहिला शब्द सुनेशी न बोलता सासूशी बोलावा. जिला अज्ञान म्हटले ती वस्तुतः अनुभवाने आणि भयाने बांधलेली एक सुसंगत विचारपद्धती आहे, आणि तिच्याशी वाद न घालता तिच्यात वाट काढणे हे वैद्याच्या कलेचे अर्धे अंग आहे. हे अंग शिकविण्याची पात्रता माझ्या परिचयाच्या कित्येक नामांकित प्राध्यापकांपेक्षा आशाताईंच्या ठिकाणी अधिक आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल तर त्याने महाराष्ट्राच्याच भूमीवर सिद्ध झालेल्या दोन गोष्टींकडे पाहावे. १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जे कार्य आरंभिले, त्याचा कणा गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या स्त्रिया हा होता. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतून आलेल्या होत्या. पुढे जामखेडला देशोदेशींचे डॉक्टर व विद्यार्थी शिकण्यासाठी येऊ लागले, तेव्हा त्यांना धडे देण्यास याच स्त्रिया उभ्या राहिल्या. दुसरी गोष्ट गडचिरोलीची. १९८६ पासून तेथे काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे, न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखून उपचार करण्याचे शिक्षण दिले, आणि त्यायोगे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे काम बालरोगतज्ज्ञाविना होणे नाही असे मानले जात होते, ते या स्त्रियांनी करून दाखविले. त्या जर रोगनिदान करू शकतात, तर ते कसे केले हे विद्यार्थ्याला समजावून सांगण्यास त्या अपात्र कशा ठरतात?

आरोग्य केंद्र हे विद्या उतरवून घेण्याचे ठिकाण आहे, ती निर्माण होण्याचे नव्हे, हा दुसरा भ्रमही इथेच दूर करतो. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या माणसांच्या उशाशी रात्रंदिवस बसून जी निरीक्षणे टिपली, ती १९८२ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली. आणि त्यानंतर रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या औषधाचा त्यांनी केलेला उपयोग इतका गुणकारी ठरला की ज्या दंशाने पूर्वी कित्येक माणसे मरत, त्याचे भय कोकणातून बव्हंशी ओसरले. येथे ना अद्ययावत प्रयोगशाळा होती, ना प्राध्यापकांचा ताफा. होते ते एवढेच, की एक डॉक्टर रोग्याजवळून उठून गेला नाही. आंतरवासितेसाठी आरोग्य केंद्रात आलेल्या तरुणाला रात्री सर्पदंशाचा रोगी आला असता कोरड्या स्वच्छ काचनळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे, ते गोठते की नाही ते पाहावे, आणि प्रतिविष द्यावयाचे की नाही ते ठरविताना ते ध्यानात घ्यावे, हे जो वैद्यकीय अधिकारी जागून शिकवितो, तो त्या बिरवाडीच्या परंपरेचा वारस होय. पण तो जागेल केव्हा? तीस हजार लोकांचा भार, लस, साथ, कुटुंबनियोजन, न्यायवैद्यकाचे दाखले, जिल्हा परिषदेच्या बैठका आणि अहवालांचे रकाने यांखाली दबलेल्या त्या माणसाच्या डोक्यावर दहा विद्यार्थी आणून बसविणे आणि त्या कामाची ना त्याच्या सेवापुस्तकात नोंद, ना त्याच्या मेहनतान्यात भर, ना महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गात त्याचे नाव, ही व्यवस्था अन्यायाची आहे, आणि अन्यायाच्या पायावर गुणवत्ता उभी राहत नाही.

परदेशातील अनुभवाचा येथे थोडक्यात उल्लेख करतो, कारण तो याच मुद्द्यास पुष्टी देतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ साली मरे नदीकाठच्या रिव्हरलँड या प्रदेशात मोजके विद्यार्थी पूर्ण एक वर्ष ग्रामीण डॉक्टरांच्या हाताखाली ठेविले. शहरातील मोठ्या इस्पितळात त्याच वर्षी शिकणाऱ्या सहाध्यायांपेक्षा परीक्षेत ते मागे पडले नाहीत, उलट सरस ठरले. तेथील ग्रामीण डॉक्टरांना विद्यापीठाने शिक्षक मानले होते, आणि विद्यार्थी एखाद्या पंधरवड्याचा पाहुणा नव्हता, हे त्याचे कारण मला दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली ग्रामीण भागात आरोग्यसेवक टिकावेत यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत शिक्षणकाळातील ग्रामीण अनुभवास महत्त्वाचे स्थान दिले आहे.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत या दिशेने दोन महत्त्वाची पावले पडली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत काम करणे आवश्यक करण्यात आले, आणि २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम लागू केला. सेवाग्रामचा जुना शिरस्ता अशा रीतीने देशाचा नियम झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु नियमाबरोबर तक्तेही आले, आणि तक्ता भरला की कर्तव्य पुरे झाले असे मानण्याची प्रवृत्ती आपल्या अंमलदारीत जुनी आहे. एकाच गावात एकापाठोपाठ एक तुकड्या येतात, तीच कुटुंबे तेच प्रश्न ऐकतात, तीच बोटे टोचून हिमोग्लोबिन मोजले जाते, आणि मोजणीचा निष्कर्ष त्या घराला कोणी कळवीत नाही. घरातील बाई पुढच्या खेपेस दार लावून घेते, तेव्हा तिला असहकारी म्हटले जाते. रक्ताचा थेंब घेतला तर त्याचा आकडा त्याच घरात, त्याच दिवशी, समजेल अशा भाषेत सांगणे, आणि तो कमी असेल तर पुढे काय होणार हेही सांगणे, याहून कमी असे काहीही प्रशिक्षण या नावास पात्र नाही. तसेच वर्षअखेरीस ग्रामसभेपुढे विद्यार्थ्यांनी उभे राहून आम्ही काय पाहिले, काय केले आणि काय करू शकलो नाही याचा हिशेब द्यावा, अशी माझी सूचना आहे.

परिचर्येच्या विद्यार्थिनींविषयी चार शब्द अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण या साऱ्या चर्चेत त्यांचा उल्लेख तोंडदेखलाच होतो. वैद्यकाचा विद्यार्थी गावी येतो तेव्हा त्याच्या निवासाची चर्चा तरी होते. सहाय्यक परिचारिकेचे शिक्षण घेणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी मात्र पहाटेच्या एसटीने येते, उपकेंद्राच्या ज्या खोलीला कडी नाही अशा खोलीत राहते, आणि तेथे तिच्यासाठी वापरण्याजोगे शौचालय आहे की नाही, रात्री प्रसूतीसाठी बोलावणे आले तर सोबत कोण जाईल, याची विचारपूस करणारा कोणी नसतो. ही मुलगी पुष्कळदा शेतकरी वा शेतमजूर कुटुंबातून आलेली असते, गावाची भाषा तिची स्वतःची असते, आणि नोकरी लागल्यावर ती गावातच राहण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. म्हणून वैद्यकाच्या आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी एकाच गावी, एकाच वेळी, एकाच कुटुंबाकडे जोडीने जावे, असा आग्रह या पुस्तकात धरला आहे. मातेच्या पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कोठे आहे ते परिचर्येच्या विद्यार्थिनीला कळते आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कळत नाही, हे त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिलेले बरे.

शेवटी वेळेविषयी. महाविद्यालये ग्रामीण नेमणुकीच्या तारखा परीक्षा आणि सुट्ट्या पाहून ठरवितात. बीड जिल्ह्यातील एखादे गाव त्यासाठी निवडले आणि विद्यार्थी जानेवारीत गेले, तर त्यांना दत्तक मिळालेल्या निम्म्या घरांना कुलूप दिसेल, कारण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेली कुटुंबे गळीत हंगाम उरकून मार्च-एप्रिलमध्ये परततात. विद्यार्थी 'कुटुंब अनुपस्थित' असे लिहून मोकळा होतो. परंतु कोणता कोयता, म्हणजे ऊसतोड करणारी जोडी, कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या कारखान्यावर गेला, कोणत्या बाईला सातवा महिना होता आणि कोणत्या बाळाची दुसरी लस राहिली, हे गावातील आशाताईला ठाऊक असते. आणि तिच्या त्या यादीच्या आधारे विद्यार्थी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीपर्यंत पोहोचला, तर सामाजिक वैद्यक म्हणजे काय हे त्याला कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही. भातखाचरांच्या प्रदेशात आवणीचे दिवस, मेळघाटात बालमृत्यूंचे पावसाळी महिने, धुळे-नंदुरबारकडे स्थलांतराचा काळ, असे प्रत्येक टापूचे निराळे पंचांग आहे, आणि ते महाविद्यालयाच्या कार्यालयात टांगलेले नाही. म्हणून या पुस्तकाच्या अखेरीस वेळापत्रकाचा जो कोरा तक्ता जोडला आहे, तो उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेने आशाताईंच्या विचाराने भरावयाचा आहे. तिने लिहिलेल्या तारखा परीक्षेच्या तारखांशी जुळत नसतील, तर त्याबाबत विद्यापीठाशी पत्रव्यवहार करण्याचे काम महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांचे आहे.